मिटवणे आणि सांधणे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याच्या गावी गेले होते. आत्या एकटी शेती करते; काका जाऊन सात वर्षे झाली. यंदा तिने दीड एकर उन्हाळी कांदा लावला होता. कांदा पोसायला लागला आणि नेमक्या तिच्या पाळीच्या रात्री शेजारच्या भाऊबंदाने दारे मोडून पाटाचे पाणी आपल्या वावरात वळवले. एकदा नव्हे, लागोपाठ दोन पाळ्यांना! निम्मा कांदा वाफ्यातच सुकला.

आत्याने गावात तक्रार केली. चार वडीलधारी माणसे मारुतीच्या पारावर बसली. "एकाच घरातली माणसं तुम्ही, कोर्टकचेऱ्या कशाला करता? झालं गेलं गंगेला मिळालं," असे म्हणून नारळ फोडण्यात आला. भाऊबंद आत्याच्या पाया पडला, गूळ वाटला गेला आणि मंडळी चहा घेऊन घरोघर गेली. प्रकरण मिटले!

"मग आत्या, तू काहीच बोलली नाहीस?" मी विचारले.

"मला कुणी विचारलं का पोरी?" आत्या म्हणाली. "भांडण त्यांचं मिटलं. माझा कांदा कुठं हिरवा झाला?"

आत्याचा हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पुढे राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' ही कल्पना समजावून सांगितली. शिक्षा करून थांबण्यापेक्षा झालेली हानी भरून काढणारा, तुटलेले सांधणारा न्याय, असा तिचा अर्थ. मी उठून विचारले, "सर, मग आत्याच्या गावी पारावर झाले ते हेच का?" सर म्हणाले, "वरून तसेच दिसते. आत काय फरक आहे तो तूच शोधून लिही." प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहपाठाचे उत्तर होय.

गुन्हा कोणाविरुद्ध?

फौजदारी खटल्याचे नाव 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक अमुक' असे असते. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचे डोके फुटले, त्याचे नाव त्यात नसते. गुन्हा राज्याविरुद्ध घडला असे कायदा मानतो. प्रत्यक्ष सोसणारा माणूस केवळ साक्षीदार ठरतो. तो साक्ष देतो, उलटतपासणीला तोंड देतो आणि बसने घरी परततो. आरोपीला शिक्षा झाली तर ती राज्याने दिलेली असते; दंड झाला तर तोही बहुधा सरकारी तिजोरीत जातो.

ही व्यवस्था उगाच निर्माण झालेली नाही. प्रत्येकाने आपला सूड आपणच घ्यायचा ठरवले तर बळी तो कान पिळी, अशी गत व्हायची. दुबळ्याच्या वतीने उभे राहण्यासाठीच राज्याने गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

परंतु या व्यवस्थेत काहीतरी हरवलेही. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती यांनी १९७७ साली एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, तंटा ही त्यात गुंतलेल्या माणसांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायाधीश व इतर तज्ज्ञ ती त्यांच्याकडून हिरावून घेतात. ज्याचे नुकसान झाले त्याला 'माझ्याच घरात का शिरलास?' एवढे विचारण्याचीही संधी उरत नाही; आणि ज्याने ते केले त्यालाही आपण कोणाचे काय केले, हे डोळ्यांनी पाहावे लागत नाही. वकिलाच्या आड उभे राहून 'गुन्हा कबूल नाही' म्हटले की त्याचे काम भागते.

एल्माइरा गावचे दोन तरुण

या उणिवेवर उपाय शोधण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. १९७४ साली एल्माइरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री धुमाकूळ घातला. मोटारींची चाके फाडली, काचा फोडल्या. एकूण २२ ठिकाणी नुकसान केले. न्यायालयात दोघांनी गुन्हा कबूल केला. तेव्हा मार्क यान्त्सी या परिवीक्षा अधिकाऱ्याने एक वेगळीच सूचना केली : या मुलांनी ज्यांचे नुकसान केले त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन त्यांना भेटावे. न्यायमूर्ती गॉर्डन मॅककॉनेल यांना ती कल्पना प्रथम व्यवहार्य वाटली नाही. परंतु शेवटी त्यांनी तसा आदेश दिला.

मग दोघे तरुण घरोघर गेले. दार ठोठावून 'ते आम्हीच' असे सांगणे हे तुरुंगात दिवस मोजण्यापेक्षा सोपे असेल, असे मला वाटत नाही. समोरच्याचे बोल त्यांनी ऐकून घेतले, नुकसानीचा आकडा लिहून घेतला आणि विम्यातून जे भरून निघाले नव्हते ते काही महिन्यांत चुकते केले. शिवाय न्यायालयाने त्यांना मोकळे सोडले नव्हते. परिवीक्षेची देखरेख डोक्यावर होतीच.

एल्माइरात आधी कबुली झाली, नंतर भेट, नंतर हिशेब आणि शेवटी प्रत्यक्ष फेड. शिवाय या सगळ्याच्या मागे न्यायालय उभे होते. पारावर मात्र आत्याच्या वाट्याला भेट तेवढी आली. बाकीचे काहीच आले नाही.

हेतू काय?

या विचाराची मांडणी करणाऱ्यांत अमेरिकेचे हॉवर्ड झेर यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचे 'चेंजिंग लेन्सेस' हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा की, नेहमीची न्यायपद्धती तीन प्रश्न विचारते : कोणता कायदा मोडला? कोणी मोडला? त्याला कोणती शिक्षा योग्य? सांधणारा न्याय वेगळे तीन प्रश्न विचारतो : इजा कोणाला झाली? तिची गरज काय आहे? आणि ती गरज पुरवणे हे कोणाचे कर्तव्य आहे?

या तीन प्रश्नांत 'क्षमा' हा शब्द कोठेही नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की, हा न्याय म्हणजे मोठ्या मनाने माफ करणे. तसे नाही. क्षमा घडलीच तर ती पीडिताच्या मनात, त्याच्या वेळेने घडते. ती मागून मिळत नाही आणि आदेशाने तर नाहीच नाही.

न्यूझीलंडने १९८९ साली अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कायदा करून 'कुटुंब परिषद' ही पद्धत आणली. मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि इच्छा असल्यास पीडित व्यक्ती असे सारे एकत्र बसून भरपाई व पुढची वाट ठरवतात. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांच्या तक्रारीतून व परंपरेतून या पद्धतीला चालना मिळाली. ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात अशा बैठकांची सरकारतर्फे पाहणी झाली. त्यांत घरफोडी व लुटीसारखे गंभीर गुन्हेही होते. बैठकीत भाग घेतलेल्या पीडितांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांनी समाधान व्यक्त केले. तेव्हा ही कल्पना निव्वळ भाबडी आहे असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही

मराठेशाहीतील गोतसभा आपण इतिहासात वाचतो. वतनाचा, हद्दीचा तंटा गावचे गोत बसून निवडत असे आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. आज आपण 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद समजतो. पण त्या काळी वादी-प्रतिवादी 'सभेचा निर्णय आम्हांस मान्य राहील' असा राजीनामा आधी लिहून देत. राजी असल्याचे पत्र तो राजीनामा! संमतीवाचून निवाडा नाही, हे तत्त्व त्या कागदात दिसते. अर्थात हे सारे जातिव्यवस्थेच्या चौकटीतले होते आणि कोणाच्या संमतीला किती किंमत हेही ती चौकटच ठरवीत असे, हे विसरून चालणार नाही.

गांधीजींच्या आत्मचरित्रातला प्रसंगही येथे आठवतो. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या नातलग व्यापाऱ्यांचा मोठा दावा चालू होता. तरुण गांधीजींनी दोघांना लवादाला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. परंतु सुमारे ३७,००० पौंड व खर्च एकदम द्यायचा तर तय्यब शेठ बुडाले असते. तेव्हा गांधीजींनी दादा अब्दुल्लांचे मन वळवून दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून दिले. ज्याचा हक्क होता तो पूर्ण मान्य झाला, आणि ज्याने द्यायचे होते तो माणसातून उठला नाही. सांधणे म्हणतात ते याला. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असे येथे कोणी म्हटले नाही. पैशाचा हिशेब शेवटपर्यंत राहिला.

एक मोठा प्रयोग आणि त्याची थकबाकी

दोन माणसांच्या तंट्याला लागू पडणारा हा विचार एका अख्ख्या देशाला लावून पाहण्याचा प्रयोग पुढे त्याच दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्यान्वये 'सत्य आणि समेट आयोग' नेमण्यात आला. आर्चबिशप डेस्मंड टुटू हे अध्यक्ष होते. १९९६ पासून जाहीर सुनावण्या झाल्या. २१,००० हून अधिक पीडितांची निवेदने नोंदवली गेली. ज्यांच्या मुलांचे काय झाले हे वर्षानुवर्षे कळले नव्हते अशा आया माइकसमोर बसून बोलल्या आणि सारा देश ऐकत राहिला. हा पीडिताला केंद्रस्थानी आणण्याचा अपूर्व सोहळाच म्हणावा लागेल.

आयोगाला माफी देण्याचाही अधिकार होता. त्याची अट होती ती संपूर्ण सत्य सांगण्याची, आणि कृत्य राजकीय हेतूने घडलेले असण्याची. सुमारे ७,००० अर्ज आले. माफी मिळाली ती ८४९ जणांना. म्हणजे माफी खिरापतीसारखी वाटली गेली नाही. कृष्णवर्णीयांचे नेते स्टीव्ह बिको यांचा १९७७ साली पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. त्यांच्या कुटुंबाने या माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले होते. न्याय मागण्याचा आमचा हक्क दुसऱ्या कोणी परस्पर का सोडावा, असा त्यांचा सवाल होता. आव्हान फेटाळले गेले. मात्र पुढे बिको प्रकरणातील पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगाने १९९९ साली नामंजूर केले.

मग उणे कोठे पडले? ते फेडीत पडले. आयोगाने पीडितांना सहा वर्षे वार्षिक मदत देण्याची शिफारस केली होती. सरकारने २००३ साली एकदाच ३०,००० रँड देण्याचे जाहीर केले. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले भरायचे होते. ते फारच थोडे भरले गेले. ते मुद्दाम रोखले गेले काय, याची चौकशी करण्यासाठी २०२५ साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना आयोग नेमावा लागला. सत्य सांगितले गेले, अश्रू ढाळले गेले. पण बरेचसे देणे तसेच राहिले. सत्याची भेट व्हावी आणि फेड मात्र राहून जावी, हा या न्यायाचा नेहमीचा धोका आहे.

राखीची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेत निदान हेतू मोठा होता. आपल्या घराजवळ मात्र समेटाच्या नावाखाली कधी कधी काय घडते, ते पाहू.

२०२० साली मध्य प्रदेशात एका पुरुषावर शेजारणीच्या घरात शिरून तिचा विनयभंग केल्याचा आरोप होता. त्याला जामीन देताना तेथील उच्च न्यायालयाने अट घातली : राखी पौर्णिमेला त्याने पत्नीसह, मिठाईचा पुडा घेऊन त्या स्त्रीच्या घरी जावे, तिला राखी बांधण्याची विनंती करावी आणि ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत!

हेतू कदाचित वाईट नसेल. परंतु ज्याला घरात पाहून ती हादरली, त्यालाच न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा तिच्या उंबऱ्यावर आणून उभे करण्यात आले. हे तिला हवे आहे का, हे तिला कोणी विचारले? त्याने कबुली दिली होती का? राखीसारखा पवित्र धागा येथे एका बाईच्या तोंडावर बांधलेली पट्टी झाला. नऊ महिला वकिलांनी या आदेशाविरुद्ध दाद मागितली आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. अशा खटल्यांत न्यायालयांनी तडजोड, विवाह वा मध्यस्थी सुचवूही नये, असे त्या निकालात बजावले आहे.

हा एकच अपवाद म्हणावा तर तसेही नाही. २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका प्रकरणात दोषी ठरलेल्या माणसाला पीडितेशी मध्यस्थी करता यावी म्हणून तात्पुरता जामीन दिला होता. तिने समेटास साफ नकार दिला. टीका झाली आणि न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. त्याच सुमारास, १ जुलै २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केले की बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीला कोणत्याही परिस्थितीत थारा नाही.

महाराष्ट्राकडे वळू. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरची भांडणे, भाऊबंदकीचे वाद गावातच सुटावेत, ही कल्पना उत्तमच. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्या लोकांनी तारखांमागे आयुष्य घालवले त्यांनीच केलेली आहे! परंतु गाव तंटामुक्त ठरले की बक्षीसही मिळणार होते. अशा वेळी विचार मनात येतो, की बक्षिसाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गावात एखाद्या दुबळ्या घरच्या माणसाने 'मला समेट नको, तक्रार नोंदवायची आहे' म्हटले, तर गाव त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहील? तंटा दिसेनासा होणे आणि अन्याय दूर होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

याचे टोक जातपंचायतीत दिसते. तेथेही बैठक असते, दंड असतो, 'समाजात परत घेणे' असते. पण न जुमानणाऱ्याचे हुक्कापाणी बंद! या छळाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आला. लोकांनी एकत्र बसून निवाडा केला एवढ्याने तो न्याय होत नाही, हे मान्य करूनच हा कायदा झाला आहे.

ओळखायचे कसे?

मग सांधणारा न्याय आणि नुसते मिटवणे यांतला भेद सामान्य माणसाने ओळखावा कसा? मला काही साध्या खुणा सुचतात.

पहिली खूण कबुलीची. ज्याने केले त्याने 'मी केले' असे आधी म्हटले पाहिजे. 'दोघांचंही थोडं थोडं चुकलंच' या वाक्याने सुरू होणारी बैठक बहुधा मिटवण्यासाठीच असते. दुसरी खूण नकाराच्या हक्काची. सोसणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नसेल तर त्याच्या 'हो'ला किंमत नाही. बाई आणि तिचा सासरा, मजूर आणि मालक, विद्यार्थिनी आणि वरिष्ठ यांना समोरासमोर बसवून 'आता मोकळेपणाने बोला' म्हणणे ही क्रूर थट्टा होऊ शकते. तिसरी खूण फेडीची : काय द्यायचे, किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर आहे काय? चौथी खूण दाराची. बैठक फसली, शब्द पाळला गेला नाही, तर कायद्याचे दार उघडे आहे ना? आरंभी म्हटले ते येथे लागू पडते. राज्य दुबळ्याच्या पाठीशी उभे राहिले म्हणून तर त्याला बळवंतासमोर बसून बोलता येते. ते निघून गेले की उरतो तो नुसता पार.

आणि शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समेटाची घाई कोणाला झाली आहे? घाई जर सोसणाऱ्याला नसून गावाच्या नावाला, घराण्याच्या अब्रूला, संस्थेच्या लौकिकाला किंवा तुंबलेल्या खटल्यांच्या आकड्याला असेल, तर समजावे की येथे न्याय दुसऱ्याच कोणाच्या सोयीसाठी चालला आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर समेट होणार तरी कधी? खटले तर वर्षानुवर्षे लोंबकळतात. हा आक्षेप खोटा नाही. किरकोळ मारामारी, शिवीगाळ, बांधाचा वाद यांसाठी कायद्यानेही तडजोडीची मुभा दिली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तिचा उपयोग जरूर व्हावा. माझे म्हणणे एवढेच की, वेळ वाचतो हा समेटाचा लाभ असू शकेल. तो त्याचा हेतू होऊ नये. आपल्या वसतिगृहात, वर्गात, घरात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी 'जाऊ दे ना, विसरून जा' असे सांगत असतो. सांगण्यापूर्वी त्याला एवढे तरी विचारावे : 'तुझे काय गेले? ते कसे भरून येईल?'

दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. मी तिला विचारले, "भाऊबंद आता कसे वागतात गं?"

"वागतात की. रस्त्यात दिसले की राम राम करतात. मीही करते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "परवा पारावर गेले होते मी. म्हटलं, नारळ नको आता. पाऊण एकर कांद्याचा हिशेब मांडा, आणि पुढच्या पाळीचं वहीत लिहून द्या."

"मग?"

"पाळीचं लिहून दिलं. हिशेबाचं बघू म्हणाले."

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)